प्रवास कोणी करायचा – रुग्णाने की औषधाने?

(दुर्मीळ आनुवंशिक आजार, आरोग्यसेवा आणि प्रवासाचा हक्क या विषयावर माणगाव येथील श्रोत्यांसाठी केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणी माणसाला प्रवासाचे अप्रूप नाही. पोटासाठी मुंबई, शिक्षणासाठी मुंबई आणि दुखणे हाताबाहेर गेले तर त्यासाठीही मुंबईच, ही रीत या भूमीत पिढ्यानपिढ्या रुजली आहे. एके काळी धरमतरच्या बंदरातून बोटीने जावे लागे. मग एसटी आली. १९९३ मध्ये रोह्याच्या पुढे वीरपर्यंत कोकण रेल्वेची गाडी धावू लागली आणि माणगावच्या फलाटावरून मुंबईची वाट धरता येऊ लागली. या प्रगतीबद्दल समाधान वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु या फलाटावर उभ्या असणाऱ्यांत काही प्रवासी असे असतात, की ज्यांना उपचारासाठी करावा लागणारा प्रवासच आजाराइतका बाधतो. संख्येने ते थोडे, गावोगाव विखुरलेले आणि बहुधा अबोल. त्यांचा मोर्चा निघत नाही आणि निवडणुकीत त्यांची गणती होत नाही. समाजाने स्वतः होऊन त्यांच्याकडे पाहिले तरच ते दिसतात.

दुर्मीळ आनुवंशिक आजारांची संख्या काही हजारांच्या घरात आहे. त्या सर्वांचा परामर्श एका व्याख्यानात घेणे शक्य नाही, आणि घेतला तरी श्रोत्यांच्या हाती नावांच्या यादीपलीकडे फारसे काही लागत नाही. म्हणून येथे प्रामुख्याने एकाच आजाराचा विचार केला आहे. तो म्हणजे हिमोफिलिया. याचे निदान होते, यावर औषध आहे, ते वेळेवर मिळाले तर रुग्ण शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. आणि वेळेवर मिळाले नाही तर तोच रुग्ण ऐन पंचविशीत गुडघे आखडून घरी बसतो. या दोन आयुष्यांमधील फरक पुष्कळदा औषधाच्या शोधाचा नसतो, अंतराचा असतो.

हिमोफिलियाविषयी जनमानसात एक गैरसमज आहे. या माणसाला जरा खरचटले की रक्त वाहून तो दगावणार, असे लोक समजतात. वस्तुस्थिती निराळी आहे. बाहेरची लहानसहान जखम दाबून धरली तर बहुधा आटोक्यात येते. खरा घात होतो तो आत, न दिसणाऱ्या जागी. रक्त साकळण्याच्या क्रियेत एकापाठोपाठ एक काम करणारे अनेक घटक असतात. वैद्यकशास्त्राने त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठव्या क्रमांकाचा घटक, म्हणजे रुग्णांच्या बोलीत 'फॅक्टर आठ', कमी असेल तर हिमोफिलिया 'ए', आणि नववा कमी असेल तर 'बी'. या घटकाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असलेल्या रुग्णात काहीही इजा न होता गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्तस्राव सुरू होतो. सांधा तापतो, फुगतो, वेदना असह्य होतात. आपल्याकडे अशा वेळी पहिला उपाय होतो तो लेप लावण्याचा किंवा जाणत्याकडे नेऊन सांधा चोळून घेण्याचा. प्रेमापोटी केलेला हा उपाय नेमका उलटा पडतो, कारण चोळल्याने स्राव वाढतो. असे एकाच सांध्यात वारंवार झाले की आतील अस्तर सुजून कूर्चा झिजते आणि सांधा कायमचा जायबंदी होतो.

इतिहासाच्या वाचकांना हा आजार 'राजघराण्यांचा रोग' म्हणून ठाऊक असतो. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या लेकी-नातींकडून तो युरोपातील राजकुळांत पसरला. रशियाच्या झारचा एकुलता एक पुत्र अलेक्सी याला तो होता आणि त्याच्या आईच्या अगतिकतेतूनच रासपुतीनसारख्या माणसाचा राजवाड्यात शिरकाव झाला. अलेक्सीच्या अवशेषांच्या जनुकीय तपासणीवरून तो 'बी' प्रकारचा हिमोफिलिया होता, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. पण या राजेशाही कहाण्यांचा एक तोटाही झाला. हा रोग कुठल्या तरी दूरच्या घराण्याचा, आपला नव्हे, अशी समजूत दृढ झाली. वास्तविक सुमारे ५,००० पुरुष जन्मांमागे एकाला हिमोफिलिया 'ए' असतो आणि जात, धर्म, देश यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २६ लाखांहून अधिक होती. त्यात पुरुष साधारण निम्मे. हिशेब केला तर एकट्या या जिल्ह्यात अडीचशेच्या आसपास रुग्ण निघावयास हवेत. हा केवळ अंकगणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष नोंद नव्हे. तथापि निदान न झालेले रुग्ण कोठे असतील याचा विचार करण्यास तो पुरेसा आहे.

येथे घरातील एका दुखऱ्या विषयाला स्पर्श करणे आवश्यक आहे. या आजाराचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. मुलग्याला हे गुणसूत्र आईकडून मिळते. त्यामुळे आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. पित्याला आजार असेल तर त्याच्या मुलग्यांना तो त्याच्याकडून येत नाही, मात्र त्याच्या सर्व मुली वाहक होतात. एवढी माहिती अर्धवट कानी पडली, की घरात सुनेकडे बोट दाखवले जाते. तिच्या माहेराचा उद्धार होतो. प्रसंगी तिला माहेरी धाडण्यापर्यंत मजल जाते. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये घराण्यात या आजाराचा पूर्वेतिहासच नसतो. जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो. आणि जेथे तो वारशाने आला, तेथेही त्या माऊलीने तो मागून घेतलेला नसतो. रात्री-अपरात्री मुलाच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसणारी तीच असते. अशा घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने औषधाची चौकशी करण्यापूर्वी सासूबाईंजवळ दोन घटका बसावे, हे बरे.

आता अंतराचा प्रश्न. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा विज्ञान संस्था आहे. या परिसराला रक्तविज्ञानात मोठी परंपरा लाभली आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच एका अपूर्व रक्तगटाचा शोध लावला. जगात तो आजही 'बॉम्बे' रक्तगट या नावाने ओळखला जातो. १९५७ मध्ये येथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले आणि त्यातूनच पुढे ही संस्था आकारास आली. हिमोफिलियाचे अचूक निदान, वाहक स्त्रियांची तपासणी, गर्भावस्थेतील निदान अशी मोलाची कामगिरी तिने केली आहे. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असेच हे कार्य आहे.

'बॉम्बे' रक्तगटाचा उल्लेख ओघात आला असला, तरी त्यातील एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. या गटाच्या माणसाला केवळ त्याच गटाचे रक्त चालते, म्हणून देशभरातील दाते एकमेकांशी संपर्क ठेवून असतात. गरज पडली की दाता जेथे असेल तेथे रक्त देतो आणि पिशवी रुग्णापर्यंत पोहोचवली जाते. २०१६ मध्ये तर मुंबईतून या रक्ताच्या पिशव्या बांगलादेशातील एका रुग्णासाठी विमानाने ढाक्याला धाडण्यात आल्या. म्हणजे मनात आणले तर रक्त समुद्र-सीमा ओलांडून जाऊ शकते. रुग्णाला उचलून आणावे लागत नाही.

हिमोफिलियाच्या औषधाचा इतिहास पाहिला तर तोही रुग्णाच्या जवळ जवळ सरकत जाण्याचाच आहे. आरंभी संपूर्ण रक्त किंवा रक्तद्रव चढवण्यावाचून उपाय नव्हता, त्यामुळे प्रत्येक स्रावासाठी रुग्णालयातील खाट ठरलेली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधक महिलेला असे आढळले, की गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला तर तळाशी राहणाऱ्या साक्यात फॅक्टर आठ एकवटलेला असतो. त्यामुळे रक्तपेढी असलेल्या कोणत्याही गावी उपचार शक्य झाला. त्यानंतर कोरड्या भुकटीच्या स्वरूपात फॅक्टर मिळू लागला. कुपीत पाणी मिसळायचे आणि शिरेतून द्यायचे. प्रगत देशांत रुग्ण घरीच, स्वतःच्या हाताने ते घेऊ लागले. स्वीडनमध्ये माल्मो येथे डॉ. इंगा मारी निल्सन यांनी तर १९५८ पासूनच, स्राव होण्याची वाट न पाहता तो होऊच नये म्हणून, ठरावीक काळाने उपचार देण्यास प्रारंभ केला होता. अलीकडे एमिसिझुमॅब हे औषध आले. भारतात ते २०१९ पासून उपलब्ध आहे. हिमोफिलिया 'ए'च्या रुग्णाला ते त्वचेखाली, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा दिले तरी स्राव टळतात. लहान मुलाची बारीक शीर शोधण्याची यातना त्यात नाही. केरळने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील रुग्णांना ते मोफत देण्याचा निर्णय घेतला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पाच रुग्णांवर करण्यात आलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, आणि त्या पाचही जणांना उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात रक्तस्राव झाला नाही. आशेला जागा आहे. पण आज ज्याचा गुडघा सुजला आहे, त्याला आशेवर थांबवून चालत नाही.

या वाटचालीत एक भीषण वळणही आले, ते विसरता येणार नाही. १९८० च्या दशकात हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून एकत्र तयार होणाऱ्या फॅक्टरमधून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू जगभरच्या रुग्णांत गेले. जागतिक हिमोफिलिया महासंघाची १९६३ मध्ये स्थापना करणारे कॅनडाचे फ्रँक श्नाबेल, जे स्वतः रुग्ण होते, ते १९८७ मध्ये एड्सनेच गेले. त्यांचा जन्मदिवस, १७ एप्रिल, हा आज जागतिक हिमोफिलिया दिन आहे. ब्रिटनमध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि शासनाला क्षमा मागावी लागली. औषध जवळ आणायचे ते सुरक्षिततेची कसोटी लावूनच, हा त्यातील धडा. आजचे फॅक्टर विषाणुमुक्त करण्याच्या प्रक्रियेतून जाते किंवा मानवी रक्ताचा आधार न घेता तयार होते.

भारतात १९८३ मध्ये अशोक वर्मा यांनी, जे स्वतः या आजाराचे रुग्ण होते, हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. शासनाचे लक्ष नव्हते त्या काळात रुग्णांनीच रुग्णांसाठी औषध मिळवले. त्यानंतर शासकीय रुग्णालयांतून मोफत फॅक्टर मिळू लागले. महाराष्ट्रात केईएमबरोबरच नाशिक, सातारा, अमरावती, ठाणे अशा ठिकाणी उपचार केंद्रे सुरू झाली आणि जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर ती नेण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. याचे श्रेय द्यावयास हवे. प्रश्न आहे तो जिल्ह्याच्या ठिकाणापासून वाडीपर्यंतच्या अंतराचा.

तालुक्याच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या एखाद्या वाडीतील दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पहाटे त्याचा गुडघा भरू लागतो. शास्त्र सांगते, की शक्यतो पहिल्या दोन तासांत फॅक्टर मिळाले पाहिजे. गणित सोपे आहे. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक एकक दिले तर फॅक्टर आठचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पंचवीस किलोच्या मुलाला चाळीस टक्क्यांची वाढ हवी असेल तर ५०० एकके लागतील. एवढे औषध एका लहानशा कुपीत मावते. पण ही कुपी जेथे आहे तेथवर जायचे, तर आधी वाडीतून रस्त्यापर्यंत कोणाच्या तरी पाठीवर, मग रिक्षाने माणगाव. तेथून मुंबईला जायचे तर दिव्यापर्यंत पॅसेंजर, दिव्याचा जिना, लोकलची गर्दी, पुन्हा जिना. पाय सरळ होत नाही. गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर स्राव वाढतो. महामार्गाने जायचे तर त्याच्याविषयी माणगावकरांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. २०११ मध्ये रुंदीकरण सुरू झाले आणि गणेशोत्सवातील वाहनांच्या रांगा हा येथील वार्षिक अनुभव होऊन बसला. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, पण दुर्गम गावातून अलिबाग गाठण्यातही अर्धा दिवस सरतो. बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच. असे महिन्यातून दोनदा झाले तर तिसऱ्या वेळी तो 'बघू, उतरेल सूज' असे म्हणतो. त्यात त्याच्या मायेची उणीव नसते. हिशेब जमत नाही, एवढेच.

२०२० मध्ये हे सारे उघडे पडले. मार्चच्या अखेरीस गाड्या थांबल्या, लोकल थांबली, आणि ज्यांचे औषध मुंबईत होते त्यांची वाटच बंद झाली. पाठोपाठ ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दक्षिण रायगडातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. औषध घरी असते तरी ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला असता. सुदैवाने फॅक्टरच्या कुप्या साधारणतः २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागत असल्या, तरी बऱ्याच उत्पादनांना काही महिने ३० अंशांपर्यंतचे तापमान चालते. वेष्टनावरील सूचना वाचणारा कोणी जवळ हवा.

शासनाने अशा रुग्णांसाठी प्रवासात सवलती दिलेल्या आहेत आणि त्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावयास हव्यात. तीव्र व मध्यम स्वरूपाच्या हिमोफिलियाच्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला, मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येताना, रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत, शयनयानात आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीतही भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. थॅलेसेमियाच्या रुग्णांनाही अशीच सवलत आहे. सिकलसेलच्या रुग्णांना शयनयान व वातानुकूलित वर्गांत ५० टक्के सवलत दिली जाते. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती थांबवल्या, तेव्हाही रुग्णांच्या ११ गटांच्या सवलती कायम ठेवल्या. राज्य परिवहन महामंडळाच्या यादीतही सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवासाची तरतूद आहे. या सोयी असूनही त्या न घेणारी कुटुंबे पुष्कळ असतात. कोणी प्रमाणपत्राचा नमुना पाहिलेला नसतो, तर कोणाला बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलासाठी खिडकीवर सवलत मागण्याचा संकोच वाटतो.

पण या सवलतीची मर्यादा नीट पाहण्यासारखी आहे. ती रुग्णालयाच्या दारापर्यंतच जाते. तोच मुलगा मोठा होऊन लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकू लागला, परीक्षेसाठी पुण्याला किंवा मुलाखतीसाठी मुंबईला निघाला, तर रेल्वेच्या लेखी तो सवलतीस पात्र नाही. कारण तो उपचाराला चाललेला नाही. संसदेने २०१६ मध्ये संमत केलेला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा पाहा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. या कायद्याने ती एकवीस केली आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल या तीन रक्तविकारांना त्यात स्थान दिले. मोठेच पाऊल. परंतु रेल्वेच्या दिव्यांग सवलतीत मात्र चारच गट आहेत. अस्थिव्यंग, दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता असलेले आणि मूकबधिर. रक्तविकाराचा रुग्ण त्यात बसत नाही. त्याचे गुडघे कायमचे निकामी झाले आणि सोबत्याशिवाय हलता येईना, की मग तो अस्थिव्यंग म्हणून पात्र ठरतो! सांधे वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणाला व्यवस्थेने याहून विचित्र उत्तर काय द्यावे? नोकरीतील चार टक्के राखीव जागांच्या गटांतही या तीन रक्तविकारांचा समावेश नाही. उच्च शिक्षणातील पाच टक्के जागांवर मात्र प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्या रुग्णाला हक्क सांगता येतो. तो सांगावा.

आणि याच कायद्यातील पंचविसावे कलम अधिक काळजीपूर्वक वाचावे असे आहे. दिव्यांग व्यक्तीला तिच्या निवासाच्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळावी, असे शासनाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा शासन ठरवील, एवढीच अट. 'परिसरात' हा शब्द कायदा करणाऱ्यांनी उगाच घातलेला नाही. आपल्या अनेक निवेदनांत मागणी असते ती प्रवासभाडे माफ करण्याची, अधिक गाड्यांना थांबा देण्याची, रुग्णवाहिकेची. या मागण्या गैर नव्हेत. तथापि ज्याला दोन तासांत औषध हवे आहे, त्याला सहा तासांचा मोफत प्रवास देणे हा हक्क अर्धाच देण्यासारखे आहे. प्रवास औषधाने करावा. रुग्णाने प्रवास करावा तो शाळेसाठी, नोकरीसाठी, बहिणीच्या लग्नासाठी.

हे अशक्य आहे काय? २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. जनजातिबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तेथे पाड्यावरच्या माणसाला प्रयोगशाळेकडे बोलावण्याऐवजी तपासणी पाड्यावर नेण्यात आली. रायगडात कातकरी बांधवांच्या वाड्या सर्वदूर आहेत. आरोग्याच्या बाबतीत त्यांनी शहराकडे यावे ही अपेक्षा किती फोल आहे, हे येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जी दृष्टी सिकलसेलच्या तपासणीत आली, ती हिमोफिलियाच्या उपचारात येण्यास शास्त्राची आडकाठी नाही. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. २०२२ पासून निवडक उत्कृष्टता केंद्रांत प्रत्येक पात्र रुग्णामागे ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. अशा केंद्रांत केईएमचाही समावेश आहे. हे साहाय्य ठरावीक आजारांसाठी आणि मोठ्या शहरातील मोठ्या केंद्रांतून मिळणारे आहे. त्याची आवश्यकता आहेच. माणगावची गरज मात्र याहून कितीतरी साधी आहे.

उपजिल्हा रुग्णालयात फॅक्टरच्या थोड्या कुप्या, त्या देऊ शकणारी एक प्रशिक्षित परिचारिका आणि परळ किंवा जिल्ह्याच्या केंद्रातील तज्ज्ञाशी दूरध्वनीवर बोलण्याची रीत, एवढ्याने पुष्कळसे साधेल. निवडक कुटुंबांना घरी औषध ठेवण्यास आणि देण्यास शिकवता येते. अनेक देशांतील माता ते करतात, येथील माताही करतील. रुग्णाचे नाव, प्रकार आणि तीव्रता लिहिलेले कार्ड त्याच्या खिशात असावे, म्हणजे अपघाताच्या वेळी १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टर स्नायूत इंजेक्शन देणार नाही किंवा ॲस्पिरिनची गोळी पुढे करणार नाही.

समाजाचा वाटा यानंतर येतो, आणि तो लहान नाही. परळला बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देणारे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अनेकांनी पाहिले असेल. शहरात राहण्याची व्यवस्था करण्याचे काम अशा संस्थांनी निष्ठेने केले. आता गावाकडच्या टोकाला काम करणारे हात हवेत. दाढ काढल्यावर रक्त थांबेना, लसीनंतर दंड काळानिळा पडला, रांगू लागताच गुडघ्यांवर गाठी येऊ लागल्या, मामाही असाच लंगडत असे, या खुणा आशा कार्यकर्तीला, शिक्षकाला, मंडळाच्या कार्यकर्त्याला माहीत असल्या तर निदान वर्षानुवर्षे रखडणार नाही. लस टाळायची नसते. बारीक सुईने देऊन जागा दाबून धरायची असते. शाळेने मुलाला खेळापासून तोडायचे नसते. धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य, पण पोहणे हा तर या मुलांसाठी सर्वोत्तम व्यायाम मानला जातो, आणि काळ नदीच्या काठच्या मुलाला पोहायला दुसऱ्याने शिकवावे लागत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबांनी विवाहापूर्वी पत्रिकेइतकीच रक्ततपासणीचीही चौकशी करावी. ज्या घरात रुग्ण आहे, तेथील बहिणी-मावश्यांनी वाहक-तपासणी करून घ्यावी. ती करणे म्हणजे मुलीच्या लग्नात विघ्न, ही भीती समजण्यासारखी आहे. पण न केल्याने जे ओढवते ते त्याहून कठीण असते.

राहता राहिला औषध ठेवण्याचा प्रश्न. निवेदन घेऊन गेल्यावर पहिला आक्षेप येतो तो हाच, की ग्रामीण भागात शीतसाखळी कोठून आणायची? आपल्या देशातील बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी ठेवण्याची शीतपेटी असते. तिचे तापमान दिवसातून दोनदा पाहून वहीत टिपले जाते, वीज गेली तर काय करायचे हे तेथील कर्मचाऱ्याला तोंडपाठ असते, आणि लसींची पेटी तेथून खांद्यावरून डोंगरावरच्या वाडीतही जाते. लसींच्या पेटीत दुसरे औषध ठेवू नये असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. फॅक्टरसाठी शेजारी एक लहान शीतकपाट वेगळे लागेल. तापमान मात्र तेच, २ ते ८ अंश.